बॉर्डर न मारलेली भिंत

आमच्या ह्यांना रस्त्यात कुणी विचारलं, "काय पेंटरकाका, बरं आहे ना?" तर हे थांबतात, खरोखर विचार करतात आणि मग सांगतात, "डावा गुडघा सोडला तर बरं आहे." तोवर विचारणारा दोन दुकानं पुढे गेलेला असतो. अशा माणसाबरोबर मी एकतीस वर्षं संसार केला. मी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि हे एकेक शब्द तोलूनमापून काढणारे. लोक म्हणतात, जोडा शोभतो. लोकांचं काय जातंय म्हणायला!

हे दुकानांचे बोर्ड रंगवतात. छापील फ्लेक्स आले तेव्हा ह्यांच्या बरोबरीच्या निम्म्या पेंटरांनी ब्रश टाकले. कुणी ड्रायव्हर झाला, कुणी घरांना रंग द्यायला लागला. ह्यांचं काम टिकलं ते बॉर्डरमुळे. बोर्डाच्या चारी कडांनी दोन रेघा, एक जाड आणि तिच्या आत एक बारीक. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. ब्रश भरायचा, मनगटाखाली काठी धरायची, श्वास रोखायचा आणि एका दमात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. "अक्षरं कुणीही काढेल, बोर्ड पुरा होतो तो बॉर्डरने," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवी नवरी होते, कौतुक वाटलं. पाचशेव्या वेळी ऐकलं तेव्हा माझ्या हातात झाडू होता, एवढंच सांगते. पण खरं ते खरं. त्या रेघेकडे बघितलं की माणूस दोन मिनिटं गप्प उभा राहतो, मीसुद्धा.

तर ह्यांना शाळेतून बोलावणं आलं. वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात एक मोठी कोरी भिंत होती. मुख्याध्यापक म्हणाले, "पेंटरकाका, इथे आपल्याला विश्व काढायचंय. संपूर्ण विश्व."

हे म्हणाले, "किती बाय किती?"

"वीस फूट बाय बारा."

"बसेल," हे म्हणाले. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी हसून हसून खुर्चीत बसले. ह्यांना मात्र त्यात काय हसायचं ते अजून कळलेलं नाही.

मुख्याध्यापकांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. मधोमध मोठं वर्तुळ, त्यात तारे, तारकांचे पुंजके, आणि अगदी मध्यावर आपण. वर्तुळाच्या बाहेर कुळकुळीत काळा रंग, आणि भिंतीच्या चारी कडांनी ह्यांची ती सुप्रसिद्ध बॉर्डर, सोनेरी. बॉर्डरसाठीच तर ह्यांना बोलावलं होतं. दोन दिवसांनी विज्ञानाच्या बाई नमुन्याचं चित्र घेऊन आमच्या घरी आल्या. काडीसारख्या बारीक, आणि बोलायला लागल्या की दोन्ही हात हवेत. मी चहा ठेवला.

ह्यांनी चित्रातल्या वर्तुळाच्या कडेवर बोट ठेवलं. "बाई, विश्व इथे संपतं?"

"नाही काका. इथे आपलं दिसणं संपतं. त्याच्या पलीकडून निघालेला प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही."

"म्हणजे पलीकडे आहे?"

"बहुतेक आहे. किती आहे, कुठे कड आहे की नाहीच, ते कुणालाच माहीत नाही. आणि गंमत सांगू? ह्या कडेवर कुणी उभं असेल ना, तर त्याला त्याचं वेगळं वर्तुळ दिसेल. त्याच्या मध्यावर तो, आणि आपण त्याच्या कडेवर!"

"मग बाहेर काळा रंग कशासाठी?"

बाईंचे हात पहिल्यांदाच खाली आले. "सगळ्या पुस्तकांत तसाच दाखवतात, काका."

हे चित्राकडे बघत बसले. चहावर साय धरली. मी म्हटलं, विश्वाला कड असो नाहीतर झालर असो, चहा गरम असतो तोवरच प्यायचा असतो. बाई बिचाऱ्या घाईघाईने प्यायल्या.

काम सुरू झालं. हे सकाळी शाळेत आणि दुपारनंतर बाजारात बोर्डांवर. त्याच दिवसांत माझा पारा चढायला लागला, कारण घरात हा माणूस धडपडत होता. दाराच्या चौकटीला खांदा, टेबलावरच्या ग्लासाला कोपर. शेजारीच ठेवलेला ब्रश घरभर शोधायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! "लक्ष कुठे असतं तुमचं? तिकडे ताऱ्यांत?" मी ओरडायची. हे आपले, "हो, जरा नादात होतो."

मग एक दिवस मी औषधाच्या दुकानात गेले, ह्यांच्या गुडघ्याचं मलम आणायला. दुकानदार हसत म्हणाला, "काकू, काकांनी परवा कमाल केली. माझ्या दुकानापेक्षा माझं नाव मोठं करून टाकलं!"

झालं होतं असं. हे नाव लिहिताना आधी शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं भरतात. आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे, असं म्हणतात. त्या दिवशी शिरोरेघ बोर्डाच्या टोकाशी थांबलीच नाही. बोर्ड ओलांडून, चौकट ओलांडून चांगली वीतभर दुकानाच्या भिंतीवर गेली. ह्यांनी टर्पेंटाइनने पुसून काढली आणि कुणाशी काही न बोलता काम पुरं केलं.

दुकानातले सगळे हसत होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ह्या माणसाला बोर्ड कुठे संपतो ते कळलं नाही? ह्याला? मलम तिथेच विसरून मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी ह्यांना एका यंत्रात डोकं घालायला लावलं. समोर बघायचं, कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. मी बाजूला बसून बघत होते. उजेड चमकत होते आणि बटणाचा आवाज येत नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो दाबा, दाबा ना! मग यंत्रातून कागद आला. त्यावर एक गोल, मध्ये पांढरा आणि कडेकडेने काळा.

"काचबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नजर बाहेरून आत येत चाललीय. समोरचं अजून स्वच्छ आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी सांभाळायची. आणि काका, आजपासून शिडी बंद."

हे कागदाकडेच बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे चुकीचं आहे." मला वाटलं, आजार मान्य नाही. तर म्हणाले, "आजार बरोबर आहे गं. रंग चुकलाय."

बसमध्ये मी त्यांना खिडकीशी बसवलं. तिकिटं काढली आणि मग विचारलं, "अहो, बाजूला सगळं काळं दिसतं का?"

"नाही. तुला तुझ्या पाठीमागे काय दिसतं?"

"पाठीमागे कसं दिसेल?"

"काळं दिसतं?"

मी न वळता पाठीमागचं बघायचा प्रयत्न केला. काळं नव्हतं. काहीच नव्हतं, आणि काही नाहीये असंही वाटत नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

"तसंच. तुझं पाठीमागे आहे, ते माझं बाजूपर्यंत आलंय."

एवढं सांगून हा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. मी पदर तोंडाशी धरून रडले. पुढच्या सीटवरच्या बाईने मला गोळी दिली, तिला वाटलं बस लागली.

आता प्रश्न शाळेच्या भिंतीचा. खालची निम्मी झाली होती, वरची राहिली होती आणि शिडी बंद. मी म्हटलं, सोडून द्या काम. हे म्हणाले, "अर्धी भिंत सोडून मला झोप लागणार नाही." मी डोक्याला हात लावला. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाले, करणार काय! वर्गातली दोन दणकट टेबलं जोडून त्यांवर फळ्या टाकल्या, शिडी नको म्हणून. मी खाली उभी राहून सांगायची. "डावा पाय मागे नका नेऊ. फळी संपली. हं, तिथेच." फळ्यांवर का चढावं लागतंय ते शाळेत कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, गुडघा.

त्या दहा दिवसांत मी ह्यांचं काम पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. कोपराशी ठेवलेला रंगाचा डबा ह्यांना दिसत नव्हता, पण समोर, ब्रशच्या टोकाशी, हात पूर्वीइतकाच पक्का होता. तारे उडवायला घरातले सगळे जुने दात घासायचे ब्रश नेले होते. पांढऱ्या रंगात बुडवायचा, अंगठा ओढायचा, की वर्तुळाच्या गडद निळ्यावर शेकडो तारे. एकदा मलाही उडवायला दिले. माझ्या हातून हा एवढा मोठा ओघळ पडला. "मेलं, बिघडवलं मी तुमचं विश्व!" मी म्हटलं. ह्यांनी तो ओघळ बघितला, बारीक ब्रशने चारी बाजूंनी किरणं काढली आणि म्हणाले, "हा तारा फुटला." आता तोच सगळ्या भिंतीत उठून दिसतो, मुलं आधी त्याच्याकडेच जातात.

वर्तुळ पुरं झालं. पण ते कुठे पुरं झालं हे बोट ठेवून सांगता येणार नाही. कडेकडे निळा फिका होत गेला, तारे विरळ होत गेले, मग एखाददुसरा ठिपका, मग नुसती भिंत. पांढरटसर अस्तराचा हात दिलेली, कोरी. तिथे ह्यांनी ब्रश धुऊन ठेवले.

"आणि काळा?" मी विचारलं.

"नाही मारायचा."

"बॉर्डर?"

"तीही नाही."

मला वाटलं ह्यांना ताप आलाय. बॉर्डर न मारता ह्या माणसाने आमच्या पिठाच्या डब्यावरचं नावसुद्धा सोडलेलं नाही!

मुख्याध्यापक आले, बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माणूस वाईट नाही, पण शिस्तीचा. "पेंटरकाका, हे अर्धवट आहे. शनिवारी पालकांची सभा, तेव्हा भिंत दाखवायची आहे." हे म्हणाले, "झालंय सर." ते म्हणाले, "मग सोमवारी दुसरा पेंटर येऊन काळा मारेल. बॉर्डरही मारेल, जशी जमेल तशी." ते 'जशी जमेल तशी' ह्यांना कुठे लागलं असेल ते मला माहीत आहे.

घरी आल्यावर माझा तोल गेला. "मारा की काळा आणि व्हा मोकळे! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

ह्यांनी चपला कोपऱ्यात सरळ लावल्या. मग म्हणाले, "शनिवारी सगळ्यांना सांगतो."

"काय सांगणार?"

"काळा का नाही ते. त्यासाठी डोळ्यांचं सांगावं लागेल."

माझी पाचावर धारण बसली. त्या सभेत येणारे निम्मे पालक म्हणजे ह्यांची गिऱ्हाइकं. औषधवाला, न्हावी, भांडीवाला, छत्रीवाला. ज्याला बाजूचं दिसत नाही त्या पेंटरला उंचावरचा बोर्ड कोण देणार? एका भिंतीच्या कोऱ्या तुकड्यासाठी हा माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघाला होता. मी हात जोडले, रडले, भांडले. शनिवारी सकाळी शर्टाला इस्त्री करून दिली आणि निक्षून सांगितलं, "तुमची फजिती बघायला मी येणार नाही. शपथ घेऊन सांगते, पाऊल टाकणार नाही तिथे!" हे "बरं" म्हणाले आणि गेले.

पंधरा मिनिटं मी घरात बसले. मग चपला पायात सरकवल्या. म्हटलं, वाटेत कशावर आदळले तर?

मी पोचले तेव्हा व्हरांडा भरला होता. मी मागून शिरले आणि ह्यांच्या डाव्या हाताला, पाण्याच्या नळाजवळ उभी राहिले. हे पुढे भिंतीपाशी, लोकांकडे तोंड करून उभे होते. विज्ञानाच्या बाई मुलांना तारे दाखवत होत्या. छत्रीवाला मोठ्याने म्हणाला, "काका, बॉर्डर खाल्लीत की काय?" सगळे हसले. मुख्याध्यापक म्हणाले, "काम थोडं राहिलंय. सोमवारी पूर्ण होईल."

"राहिलेलं नाही सर," हे म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, हळू. मागचे लोक "काय म्हणाले, काय म्हणाले" करत गप्प झाले. "मला काचबिंदू झालाय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. वर्षभरापासून असं असावं. मला कळलं नाही."

औषधवाल्याचा चेहरा मला दिसत होता. त्याला ती रेघ आठवली असावी.

"का कळलं नाही, ते सांगतो. कडेला काळं दिसलं असतं तर लगेच कळलं असतं, मी डॉक्टरकडे गेलो असतो. काळं नव्हतंच. मला वाटत होतं, मला सगळं दिसतंय." ह्यांनी मागे कोऱ्या भिंतीवर हात ठेवला. "इथे काळा मारला तर मुलांना वाटेल, विश्व इथे संपलं आणि पलीकडे अंधार. ते मला माहीत नाही. बाई म्हणतात, कुणालाच माहीत नाही. मला माहीत नाही ते मी रंगवणार नाही. आणि जिथे कड आहे की नाही ठाऊक नाही, तिथे बॉर्डर मारणार नाही."

मुख्याध्यापकांचा आवाज खाली आला होता. "पण काका, पलीकडे खरंच काही नसलं तर?"

"नसेलही. पण मला दिसत नाही एवढ्यावरून नाही असं कसं म्हणू? आता माझी बायकोच बघा. ती आलीय. इथे कुठेतरी उभी असेल. मला दिसत नाही." आणि मान न वळवता ह्यांनी उजवीकडे हात केला.

सगळ्या माना त्या बाजूला वळल्या. तिकडे जिना होता आणि जिन्यात कुणीच नव्हतं. कुणीतरी फिस्सकन हसलं. विज्ञानाच्या बाईंनी ओठ चावला. ह्यांचा हात तसाच हवेत, खाली येईना. त्या रिकाम्या जिन्याकडे शंभर माणसं बघत होती आणि माझा जीव कासावीस झाला.

"अहो, इकडे आहे मी!" मी नळाजवळून ओरडले. "डावीकडे! दहा वेळा सांगितलं, आधी मान वळवावी आणि मग हात करावा!"

व्हरांडा असा काही हसला की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर धावत आला. मुख्याध्यापकही हसले आणि मग खिशातून रुमाल काढून डोळे पुसत राहिले, जरा जास्तच वेळ.

पुढचं आधी सांगून टाकते. भिंत तशीच राहिली, सोमवारी कुणी आलं नाही. आणि मला जी भीती होती तेही झालं. छत्रीवाल्याचं ठरलेलं काम गेलं, भांडीवाल्याचं गेलं, उंचावरचे बोर्ड सगळेच गेले. कुणाला दोष देत नाही, माणूस पडला तर जबाबदारी कुणाची? हल्ली हे घरात टेबलाशी बसून दाराच्या पाट्या लिहितात, समोर मावतील एवढ्या. बॉर्डर अजून तीच, एका दमात. मी भांडत असते, थेंब घालत असते, आणि असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही हे कुणी विचारलं नाही तरी सांगत असते.

पण त्या शनिवारी घरी येताना मी धुमसत होते. मी त्यांच्या डाव्या अंगाला, त्यांना न दिसणाऱ्या बाजूला चालत होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं मी आलेय म्हणून?"

"कुणी नाही."

"आवाज ऐकलात माझा?"

"तू तर तोंडच उघडलं नव्हतंस. नाहीतर उजवीकडे कशाला हात केला असता?"

"मी सकाळी शपथ घेतली होती. ऐकली होतीत ना?"

"ऐकली होती."

"मग शंभर लोकांसमोर बेलाशक म्हणालात, बायको आलीय म्हणून! आणि मी नसतेच आले तर? काय तोंड दाखवलं असतं?"

हे थांबले. रस्त्याच्या मधोमध, नेहमीसारखे खरोखर विचार करत. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. मी दंड धरून त्यांना बाजूला घेतलं.

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही," हे म्हणाले.

घर येईपर्यंत मी त्यांचा दंड सोडला नाही.